काठीवरची सुरगाठ

माँटाना, सप्टेंबर १९८६

पुरुषोत्तम,
'प्रिय' लिहवत नाही.

बर्फ सरकत असेल तरच ती हिमनदी, नाहीतर नुसता ढीग, हे तूच शिकवलंस. गेल्या वर्षी तू एकटाच हिमनदीवर गेलास, ती सरकते का ते मोजायला आपण बर्फात रोवलेल्या काठ्या बारा फूट सरकल्याचं सरांना सांगितलंस आणि पीएच.डी. घेऊन सांता क्लाराला पोचलास.

काठ्या एकमेकींना मी माझ्या जुन्या साडीच्या चिंध्यांनी निरगाठ मारून बांधल्या होत्या. आज बघते तर सगळ्या सुरगाठी! काठ्या उपटल्या नव्हत्यास, तर गाठी कशाला सोडल्यास रे?

यंदा काठ्या तसूभरही सरकलेल्या नाहीत. पण माझा थिसिस व्हायचाय अजून. मी त्या उपटून बारा फूट पुढे रोवल्या आणि सुरगाठच मारली. पुढच्या वर्षी सोडायला सोपी.

हे पत्र पेटीत न टाकणारी,
शरयू