खुंटावरची रिकामी काडतुसं

प्रिय ऑनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरला असशील, तर आधी सांगते: सगळे धडधाकट आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, एवढंच. ड्यूलूथचा तुझा पत्ता मार्लीननं दिला. "मी दिला म्हणून सांगू नकोस हं," असं तिनं बजावलंय, तेव्हा बहिणीला उगाच छळू नकोस. चार वर्षं तू ह्या घराची पायरी चढला नाहीस. ती तू चढावीस एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे आई आता पुढं काय मागणार ह्या धास्तीनं तू पत्र बाजूला ठेवणार नाहीस. पण त्याशिवाय मला तुला एक कोडं सांगायचंय. कोडं सुटेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी लेम्पी आता दहाची झाली. दर शनिवारी तिची आई, डेनीस, तिला सकाळी आमच्याकडे सोडते आणि पाचला न्यायला येते. आधी ती स्वयंपाकघरात वेलदोड्याचा पाव खात टीव्ही बघायची. मग एका शनिवारी गॅरेजमधून माझ्या फिरत्या पिंपाचा आवाज ऐकून आली. वापरलेली काडतुसं चकचकीत व्हायला अक्रोडाच्या भुशात घुसळत ठेवली होती. तुझे बाबा नेहमीप्रमाणे खिडकीतून ओरडले, "इर्मा, कपडे धुतेस की दगड?" लेम्पीनं झाकण उघडायला लावलं, आत हात घातला, एक चकचकीत पितळ उजेडात धरलं आणि जी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, ती आजतागायत थांबलेली नाही. मला ती फिनिशमध्ये मुम्मू म्हणते, तू तुझ्या आजीला म्हणायचास तसंच. "मुम्मू, हे उडून गेलं तर उरलं कसं?" उडते ती गोळी, पितळ मागं राहतं. "मग ते परत भरतेस कशाला? दुकानात मिळतात की." हे वाक्य तिच्या आजोबांचं, हे न कळायला मी काय वेडी आहे? मी म्हटलं, "पाव पण दुकानात मिळतो. मग मघाशी चार तुकडे कुणी खाल्ले?"

डेनीसला मी लगेच सांगितलं. तिच्या नकळत काही करायचं नव्हतं. ती आली, कोट न काढता गॅरेजमधल्या स्टुलावर बसली आणि सगळं बघत राहिली. डोळ्यांवर चष्मे, बाकावर बारुदाच्या पावडरची एकच बरणी, पावडर मोजताना कुणी बोलायचं नाही, गोळी बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात बॅटरीचा उजेड टाकून आत बघायचं आणि मग दुसऱ्या माणसानंही बघायचं. माझ्या वडिलांनी मला शिकवलं, मी तुला शिकवलं, तेच. शेवटी ती म्हणाली, "पावडर फक्त तुम्ही ओतायची. तिनं नाही." मी म्हटलं, "कबूल." मग तिनं कोट काढला आणि कॉफी घेतली. तुमचा घटस्फोट झाला असेल, मी अजून तिला सूनच म्हणते.

लेम्पीला भरण्यापेक्षा निवडण्यातच गोडी. सुट्टी काडतुसं मुठीत घेऊन कानाशी खुळखुळवते. ज्याला बारीक चीर गेली असेल ते बद्द वाजतं, ते ती बाजूला काढते. माझ्या कानांना आता तो फरक कळत नाही. मग तिला माझं भिंग सापडलं. भिंगातून बघता बघता तिनं शोध लावला की प्रत्येक रायफल आपापल्या पितळावर खूण सोडते. कुणाची पिन मधोमध आपटते, कुणाची कडेला. कार्ल न्येमीच्या रायफलीची काडतुसं गळ्याशी काळी पडतात. खिम्याच्या पेस्टी बनवायच्या साच्यात तिनं सगळ्या शेजाऱ्यांचे कप्पे केले, आणि मला पेस्टीसाठी नवा साचा आणावा लागला. आम्ही दर शनिवारी जुन्या खडीच्या खाणीत जातो, लोकांनी टाकलेली पितळं वेचायला. ती दुरूनच सांगते, "कार्लकाका येऊन गेले. एवढी पितळं, म्हणजे परत नेम चुकलाय."

आता कोडं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी खाणीच्या तोंडाशी, तोडलेल्या बर्चच्या खुंटावर पाच रिकामी काडतुसं उभी होती. पडलेली नाहीत, उभी. एका ओळीत, तोंडं वर. लेम्पी खुंटाभोवती दोन फेऱ्या मारून आली. "मुम्मू, ज्याला पितळ नकोय तो ते खाली टाकतो. ज्याला हवंय तो खिशात घालतो. हे असं मांडून कोण जातं?" घरी येऊन तिनं ती भिंगाखाली धरली. पाचांच्याही अंगावर, बुडाच्या जरा वर, एक तिरपा बारीक ओरखडा. कुठल्याच कप्प्यात बसेना. "ही कुणाची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "माहीत नाही." आणि उठून कॉफी ठेवायला गेले.

ओरखडा तुला सांगायला नको. तू जन्मायच्याही आधी माझ्या वडिलांच्या रायफलीत काडतूस अडकलं होतं, आणि त्या उतावळ्या माणसानं ते स्क्रू-ड्रायव्हरनं उकरून काढताना नळीत आत चरा पाडला. माझी आई म्हणाली होती, "दहा मिनिटं धीर धरला असता तर फिनलंड बुडालं नसतं." तेव्हापासून बार उडाला की पितळ फुगून आतल्या भिंतीला टेकतं आणि तो ओरखडा अंगावर घेऊनच बाहेर येतं. ती रायफल वडिलांनी तुला दिली. ह्या घरातून जाताना तू तेवढीच नेलीस.

दुसऱ्या शनिवारी परत पाच. तिसऱ्या शनिवारी परत. लेम्पी म्हणाली, "आपण झुडपात लपून बसू आणि त्याला पकडू." मी म्हटलं, "खाणीत कुणी गोळ्या झाडत असताना झुडपात बसायचं नसतं, एवढं तरी शिकलीस ना?" खरं कारण ते नव्हतं. मला तुला पकडायचं नव्हतं, ऑनी. पण मी विचार मात्र करत राहिले. भांडी घासताना, सौनाच्या वाफेत बसल्यावरही. तू सात वर्षांचा असताना एक पितळ बर्फात हरवलं म्हणून अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर बसून शोधत होतास, आणि सापडल्याशिवाय घरी यायला तयार नव्हतास. आपल्या घरातला माणूस रिकामं काडतूस मागं टाकत नाही. तू ती टाकलेली नाहीस, ठेवलीस. शनिवारी सकाळी त्या खाणीत कोण वेचायला येतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे. एवढं कोडं सुटलं. पण ड्यूलूथहून चार तास गाडी हाकत यायचं, जिथून आपल्या घराचं धुरांडं दिसतं तिथपर्यंत, आणि तिथूनच परत फिरायचं, हे काही मला सुटेना.

म्हणजे, सुटत होतं. तुझ्या बाबांचं दारातलं बोलणं मीही ऐकलं होतं. "बाटली सुटेपर्यंत ह्या घराची पायरी चढू नकोस." त्यांनी ते तेव्हा बरोबर म्हटलं असं मला अजून वाटतं, आणि तेव्हा मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही हेही खरं आहे.

चौथ्या शनिवारी मी ती काडतुसं त्यांच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली. त्यांनी चष्मा लावला, एक उचललं, फिरवलं, ठेवलं. मग टोपी घालून, तो गुडघा घेऊन, चालत खाणीकडे गेले. मला वाटलं रागावून गेले. तासाभरानं परत आले तेव्हा हातात कॉफीच्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं, तू खाणीतल्या मातीच्या भिंतीवर खिळ्यानं लावलेलं. त्यात भोकं होती, आणि ती सगळी भोकं त्यांच्या कपाच्या बुडाखाली झाकली जात होती. त्यांनी कप ठेवून बघितला म्हणून सांगते. मग म्हणाले, "पिणाऱ्याच्या हाताचं काम नाही हे." एवढंच. झाकण गॅरेजच्या दाराशी खिळ्याला अडकवलंय, आणि तिथून जाता-येता ते त्याला हात लावतात. मी पत्र्याच्या झाकणाला शपथपत्र समजत नाही, ऑनी. तू काय काय सोसून कुठवर आलास हे मला माहीत नाही, आणि ते जाणून घ्यायची मला फार उत्सुकता आहे. मागून चुका काढायला नाही. मला नुसतं ऐकायचंय.

गेल्या शनिवारी लेम्पीनं आपली पहिली काडतुसं भरली. मी विचारलं, कुठली घेऊ या? तिनं तिरप्या ओरखड्याची पाच काढली. मी पावडर मोजून ओतली, तेवढा वेळ ती गप्प बसली, ह्या मुलीसाठी हे किती मोठं आहे ह्याची तुला कल्पना नाही. मग एकेका काडतुसात उजेड टाकून तिनं बघितलं, मी बघितलं, आणि तिनं यंत्राचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढून गोळ्या बसवल्या, जीभ बाहेर काढून, अगदी तुझ्यासारखी. पाचवं झाल्यावर ती म्हणाली, "बाबाला एवढी पुरतील ना हरणांच्या सीझनला?" तिनं दप्तर ओढलं आणि चेनला अडकवलेलं पितळ माझ्यापुढं धरलं, सहा वर्षांची असताना तू तिला शिट्टी म्हणून दिलेलं. त्याच्यावर तोच ओरखडा. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मुम्मू. तू सांगतेस का ते बघत होते."

म्हणून हे पत्र. आम्ही दोघींनी ठरवलं होतं की ही पाच काडतुसं तू ठेवलीस तशीच त्या खुंटावर ठेवायची. पण तिनंच नको म्हटलं. "रिकामी ठेवतात. भरलेली हातात द्यायची, असं तूच शिकवलंस." आता आपलाच नियम आपल्यावर आला म्हटल्यावर मी काय बोलणार? तेव्हा ती इथं डब्यात ठेवली आहेत आणि घ्यायला तुला यावं लागेल. पंधरा नोव्हेंबरला शिकारीचा सीझन उघडतो, त्याच्या आधीच्या शनिवारी ये. डेनीसला विचारलंय. ती म्हणाली, "येऊ दे. मी पाचऐवजी सातला येईन." तुझ्या बाबांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सौना तापवणारच आहे. एक माणूस वाढला म्हणून लाकडं जास्त लागत नाहीत." मग दुपारभर अंगणात लाकडं फोडत होते. लेम्पी तुझ्या उंचीला लागेल तेवढं स्टूल वर करून ठेवणार आहे. तुला उशीर झाला तर तेवढ्या वेळात ती आणखी प्रश्न काढेल, आणि माझी उत्तरं संपली आहेत. निम्मे प्रश्न तर तुझ्याबद्दलचेच असतात. बाकीची उत्तरं तू येऊन दे.

तुझीच, अजूनही नको तितक्या चौकशा करणारी,
आई