येताना तीन तास

॥ श्री ॥
तळवली, नवी मुंबई
१२ जून २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू कायम घाईत. म्हटलं, कागदच घ्यावा. चैत्रात तू येऊन गेलीस त्याची तिकिटं आबांनी जपून ठेवलीत. काल चष्मा लावून नीट बघितली. सिंगापूरहून संध्याकाळी सहाला निघालीस, मुंबईत नऊला हजर. तीनच तास! आणि जाताना रात्री अकराला निघालीस ती सकाळी सातला पोचलीस, म्हणजे आठ तास. मी आबांना म्हटलं, बघा, लेक माहेराला कशी पळत येतीय, आणि सासरी जाताना विमानाचाबी पाय निघत नाही. ते नुसते हसले. अगं, एसटीनं साताऱ्याला जायला सहा तास लागतात. गावापेक्षा तूच जवळ की गं बाई!

छातीत मधूनमधून दुखतंय, पण टेन्शन घेऊ नकोस. काही झालंच तर तीन तासांत तू येशील, एवढा धीर आहे. जावईबापूंना आशीर्वाद सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आई,
प्रेमला

सिंगापूर
२ जुलै २०२५

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

रबाळ्याच्या कारखान्यानं तुमचे कान नेले, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून आमचे शेजारी मानसिंगदादा तिकडे येतायत त्यांच्या हाती हे देतेय. आईचं पत्र वाचून हसता हसता रडायला आलं. अहो, इथली घड्याळं तुमच्यापेक्षा अडीच तास पुढं. येताना काय नि जाताना काय, साडेपाच तासच लागतात. जवळजवळ चार हजार किलोमीटर अंतर आहे. पण तिला सांगू नका. पोर तीन तासांवर आहे असं समजते ना, समजू दे.

तिला डॉक्टरकडे मात्र न्याच, ऐकायची नाही ती. दिवाळीला मी येतेच. तोवर दोघांनी जपून राहा, आणि या लांबच्या लेकीला विसरू नका.

तुमची,
ज्ञानू

तळवली
२४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरीस आबांचे आशीर्वाद.

यावेळी वर श्री घातला नाही. तू इथं दहा दिवस होतीस, पण घर माणसांनी भरलेलं, आणि तुझ्या तोंडाकडं बघून मला बोलता येईना.

तू विमानात बसल्याचा मेसेज साडेतीनला आला. हॉस्पिटलात आईला सांगितलं, ज्ञानू निघाली. कसली खूश झाली! भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, म्हणजे साडेसहाला येईल, माझे केस तेवढे विंचरा. मी विंचरले. तेव्हाच खरं सांगायला पाहिजे होतं, पण जीभ रेटेना.

साडेसहा झाले, सात वाजले. दार वाजलं की ती मान वळवायची. शेवटी मी म्हटलं, अगं, साडेपाच तास लागतात, तिकडचं घड्याळ पुढं असतं, पोर नऊला उतरेल. ती म्हणाली, तिकीट मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ती निघालीच नाही ना? कशाला उगाच समजूत काढताय? मी तुझी शपथ घेतली. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं ते परत वळवलंच नाही. साडेआठला गेली.

सांगू नका म्हणालीस ते मायेपोटी, तुला बोल लावत नाही. हेही लपवणार होतो. पण एकदा लपवून बघितलं, आता नाही. जावयांना आशीर्वाद. या म्हाताऱ्यावर जीव असू दे.

येणारेजाणारे म्हणतात, माउली लेकीची वाट बघत गेली. नाही गं ज्ञानू. वाट बघायचं सोडलं, आणि मग गेली.

तुझा,
आबा