समोरच्या ब्लॉकविषयी खरं खरं

ती. स्व. आत्या,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. कंबर धरली आहे, खाली वाकलो तर हे पत्र जमिनीवरूनच पुरं करावं लागेल.) तब्येत कशी आहे? मोतीबिंदू काढल्यापासून तुला लोकांच्या घरातली जळमटं दिसायला लागली, असं माझ्या धाकट्या बहिणीने कळवलं. ते वाचून हिने लगेच झाडू हातात घेतला आणि वर छताकडे बघायचं काम मला दिलं, कंबर त्यातच धरली.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आमच्या समोरचा ब्लॉक रिकामा झाल्याचं तुला कळलं. आतोबा गेल्यापासून ते मोठं घर अंगावर येतं, तेव्हा हा ब्लॉक भाड्याने घेऊन इकडे यावं का, असं तू विचारलंस. वर ‘तुम्हाला अडचण होणार असेल तर स्पष्ट सांग, गोड गोड लिहू नकोस’ अशी तंबीही दिलीस. घरमालकाला घाई आहे. जो आधी हो म्हणेल त्याला ब्लॉक देऊन तो मोकळा होणार. किल्ली माझ्याकडे आहे, त्यामुळे येईल त्याला ब्लॉक दाखवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं आहे. तेव्हा गोड न लिहिता सगळं लिहितो.

समुद्र दिसतो. गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून मान बाहेर काढली आणि शेजारणीने वाळत घातलेल्या चादरी आत नेल्या असल्या तर दिसतो. दिसला नाही तरी तो घरात येतोच. खाऱ्या हवेने आमचा फ्रिज गंजायला लागला तेव्हा हिने त्याला आपला जुना परकर नेसवला. शिवणयंत्राला शाल मिळाली. माझा चांगला स्वेटर सायकलला गेला. ती जिन्याखाली अंधारात उभी असते आणि येणारा-जाणारा तिला दबकून वाट देतो. माझं चष्म्यांचं दुकान इथे चांगलं चालतं, पण त्याचं कारणही हेच. काचांवर मिठाचा थर बसतो. समोरून कोण येतंय हे बघायला चष्मा पुसावा, तोवर तो माणूस पुढे गेलेला असतो. त्यामुळे आमच्या गल्लीत सगळेच एकमेकांना शिष्ट समजतात. शिवाय मासळी उतरवतात त्या धक्क्यावरून वारा सुटला की वासापासून तोंड लपवायला जागा राहत नाही. पहिलं वर्षभर मी हिच्यावर संशय घेत होतो आणि ती माझ्या बुटांवर.

गेल्या आठवड्यात ब्लॉक बघायला एक बँडवाले आले. ट्रम्पेट वाजवतात. वाद्य बरोबरच होतं (घरी ठेवलं तर बायको कुणाला तरी देऊन टाकेल अशी त्यांना धास्ती आहे). ब्लॉक त्यांना बघताक्षणी पसंत पडला. हॉलमध्ये आवाज छान घुमेल म्हणाले आणि घुमवूनही दाखवला. रियाज रोज पहाटे असतो, सामान उद्याच आणतो, असंही म्हणाले. आम्ही निघायला दाराशी आलो, तर दार उघडेना. या हवेने लाकूड फुगतं हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. मी ओढलं, त्यांनी ओढलं, मग त्यांनी मला कमरेला धरून ओढलं, तशी दाराची मूठ निघून माझ्या हातात आली. (कमरेचं जे राहिलं होतं तेही तेव्हाच झालं.) बाहेरून हिने हाक दिली, सुताराला आणते म्हणाली, आणि जी गेली ती गेलीच.

आत पंखा नाही, खुर्ची नाही, आणि धक्क्यावरचा वारा नेमका सुटलेला. शेवटी त्यांनी गॅलरीत जाऊन मदतीसाठी ट्रम्पेट फुंकलं. खाली माणसं जमली, पण मदतीला नाही. ती मांडी घालून बसली. ते जितकं कळवळून वाजवत, तितक्या जास्त टाळ्या पडत. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर एका जुन्या गाण्याची फर्माईश केली, आणि कलावंत माणूस, त्याने तेही वाजवलं. अखेर आदल्याच दिवशी कामाला लागलेल्या पहारेकऱ्याने दाराला खांदा लावून आम्हाला सोडवलं. बँडवाले जे सुटले ते थेट फाटकाबाहेर. ब्लॉक नको, हे त्यांनी जिना उतरता उतरताच सांगितलं.

तर असं आहे. ही जागा राहायला चांगली आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तू विचार करून ठरव. तुला पुन्हा एकदा वाकून (म्हणजे मान वाकवून) नमस्कार.

तुझा,
कंबरमोडका भाचा

ता. क. पत्र वाचून ही म्हणाली, खरं लिहिलंत पण निम्मंच लिहिलंत. म्हणून उरलेलं लिहितो. दुकानातून आलो की समोरचं कुलूप दिसतं. तू त्या एवढ्या मोठ्या घरात एकटीच ताट घेऊन बसली असशील असं मनात येतं, आणि मग घास उतरत नाही. आई आजारी होती तेव्हा तू मला उचलून तुझ्या घरी घेऊन गेलीस. अडचण होईल का, असं तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं आणि तूही कुणाला विचारलं नव्हतंस.

आणखी एक. आमच्या इमारतीतली सगळी दारं सारखीच आहेत. कडी वर उचलायची, खाली पायाने हलकेच ढोसायचं आणि मग ओढायचं. शेंबडं पोरही उघडतं. मला ते त्या दिवशीही येत होतं. हिलाही येतं, म्हणून तर सुताराच्या नावाने निघून ती निवांत भाजी आणायला गेली. तेवढं ढोसायचं सोडून मी बाकी सगळं केलं. पण पुढच्या आठवड्यात एक नवराबायको ब्लॉक बघायला यायचे आहेत, त्यांना जुळी मुलं आहेत, आणि त्या चौघांबरोबर आत अडकून बसायची माझी तयारी नाही. तेव्हा पत्र वाचलंस की लगेच फोन कर, आणि फक्त हो म्हण.