बाळाला घाई नाही, मलाही

५ तारीख, मंगळवार
डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख आजची. बाळ आलं नाही. बायको वैतागलीय. मी म्हणालो, फळ पिकलं की आपोआप पडतं. ती म्हणाली, मग जा, झाडाखाली उभा राहा.
पाळण्याचं खोकं अजून दाराआडच. आजपासून मनावर घ्यायचं.

७, गुरुवार
तपासणी. सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर दाखल करून सलाईनमधून औषध देऊन कळा सुरू करू, म्हणे. मी म्हणालो, निसर्गाच्या कामात ढवळाढवळ कशाला? डॉक्टरीणबाईंनी माझं ऐकलं आणि बायकोला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, आत्ता दाखल करून घेत असाल तर आत्ता झोपते.
मला कुणी विचारत नाही.
बाहेर आल्यावर तिनं एकच मागितलं. त्या वेळी तू जवळ हवास. आई नको, तू. शब्द दिला. ही काय मागायची गोष्ट आहे?

८, शुक्रवार
पाळण्याच्या दोन बाजू जोडल्या. एक स्क्रू कमी. आणायला गेलो. दुकानासमोर एकाची बाईक बंद पडलेली. कार्बोरेटर साफ करून दिला. मग ट्रायल घेणं आलंच. पुलापर्यंत गेलो, झकास पळते. स्क्रू राहिला.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुमचा पाळणा होईपर्यंत बाळ थांबलंय बिचारं. समजूतदार बाई.

१०, रविवार
चालल्यानं कळा येतात, असं मोबाईलवर वाचलं. बायकोला घेऊन निघालो. कोपऱ्यावर जुना दोस्त, नवा ट्रक घेतलाय त्यानं. केबिनमध्ये झोपायची सोय, वर पंखा. पाचच मिनिटं बघितला. खाली उतरलो तर बायको बस पकडून घरी. म्हणजे चालणं तिनं सोडलं, मी नाही.

११, सोमवार, सकाळ
दाखल केलं. सलाईन चालू. मी हात धरून बसलोय. नर्स म्हणाली, पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. मी हिशेब केला, रात्र तरी होणार. बायको म्हणाली, कुठे जाऊ नकोस. म्हटलं, फक्त चहा.

सोमवार, संध्याकाळ
खाली ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बंद पडलेल्या सायरनशी झटत होता. मला वायरिंगचं येतं, अर्धा डिप्लोमा त्यातलाच. फॉल्ट सापडेना, दुपार गेली. शेवटी सापडला. असला दणदणीत वाजला की ड्रायव्हरनं मला मिठीच मारली. पुन्हा पुन्हा वाजवून बघितला. त्या आवाजात फोन ऐकू आला नाही, हा माझा दोष नव्हे.
वर गेलो. मुलगी झाली होती.
बायको म्हणाली, ती पहिल्यांदा रडली ना, नेमकं तेव्हाच खाली कुणीतरी भोंगा वाजवत होतं. मला तिचा आवाज ऐकूच आला नाही रे. कोण होता तो मेला?
चौकशी करून येतो म्हणालो.
खाली बाकावर बसलोय. चौकशी चालू आहे.