मुद्देमालाचं कपाट

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून नवं आयुष्य. गुन्हा, पोलीस, तुरुंग आणि गुन्हेगारांची सुधारणा या विषयांच्या डिप्लोमाचं पुस्तक पोस्टाने आलं. पाचशे चाळीस पानं. पाणीखात्यात एकतीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलंय, अर्ज बघून अर्जदार खरा की खोटा ते सांगायचो. असली नजर रिटायर होत नसते. बायको म्हणाली, या वयात परीक्षा कशाला, त्यापेक्षा बाथरूमचा गळका नळ बघा. दुर्लक्ष केलं. निश्चय: रोज वीस पानं. सत्तावीस दिवसांत पुस्तक खलास, परीक्षा ३० मार्चला. निरोपसमारंभात मिळालेल्या, नाव कोरलेल्या पेनने पुस्तकावर नाव घातलं. मुहूर्त उत्तम.

३ फेब्रुवारी
नऊ पानं झाली. पहिलं प्रकरण सोपं आहे, आपल्याला हे उपजतच येतं. काही वाक्यांखाली पेनने रेघा मारल्या. दुपारी डोळा लागला.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
पेन गायब. टेबलावर नाही, खिशात नाही, बायकोच्या पर्समध्ये नाही (ती अंघोळीला गेल्यावर तपासली). म्हणजे चोरी! तीही गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या घरात! बायको म्हणाली, पुस्तकात राहिलं असेल, बघा जरा. तिला म्हणालो, पुस्तकात सिद्धान्त असतात, पेनं नसतात. प्रत्यक्ष गुन्हा घडलेला असताना वाचत बसणं म्हणजे कर्तव्यात कसूर. पुस्तक कपाटावर ठेवलं. तपास सुरू.

६ फेब्रुवारी
गुन्ह्याशी संबंधित वस्तू ताब्यात घ्यायची, पिशवीत घालायची, वर चिठ्ठी लावून तारीख-वेळ-सही करायची. याला मुद्देमाल म्हणतात (पान ७). नोंदीसाठी ऑफिसातलं कोरं आवक-जावक रजिस्टर आहेच. निवृत्तीच्या दिवशी घरी आणलं होतं, तिथे नुसतं धूळ खात पडलं असतं.
आवक क्र. १: शेजारच्या काकूंचं पायपुसणं. कारण: वर अनोळखी ठसा. मुलीच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं.

९ फेब्रुवारी
आवक क्र. २: तिसऱ्या मजल्यावरच्या पैलवानाचा डावा बूट. ठशाशी ताडून बघायला. उजवा ठेवला, माणुसकी म्हणून.
आवक क्र. ३: सेक्रेटरींची कुंड्यांना पाणी घालायची झारी. कारण: आमच्या दारासमोर पाण्याचे थेंब. जिन्यात वॉचमन भेटला. म्हणाला, काका, झारी सेक्रेटरीसाहेबांची आहे. म्हटलं, तपासणीसाठी नेतोय. बरं म्हणाला, आणि झारी माझ्या हातातून घेऊन दारापर्यंत आणून दिली. नम्र माणूस आहे. जरा जास्तच नम्र. लिहून ठेवलं.

१५ फेब्रुवारी
बिल्डिंगमध्ये खळबळ. काकूंचं पायपुसणं, पैलवानाचा बूट, झारी, सायकलचा पंप, टाकीच्या खोलीचं कुलूप. ज्याच्या-त्याच्या तोंडी चोरी. या वस्तू माझ्याकडे सुरक्षित आहेत, हा भाग वेगळा. मुद्दा असा की चोर मोकाट आहे म्हणूनच मला इतक्या वस्तू ताब्यात घ्याव्या लागतायत. म्हणजे मूळ दोष त्याचाच. पैलवान ऑफिसला चपला घालून जातो. कायद्यापुढे सगळे समान.
अभ्यास: शून्य पानं. पण अनुभव हाच गुरू.

१६ फेब्रुवारी
बायको विचारत होती, कपाटाला कुलूप का? म्हटलं, सरकारी काम. म्हणाली, सरकारने तुम्हाला हार घालून घरी पाठवलंय. नळ अजून गळतोय, हेही म्हणाली.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, दारात माणूस बसलेला असताना चोऱ्या होतातच कशा? मी माझा बारा पानी अहवाल ठेवला. संशयिताची लक्षणं: सर्वत्र वावर, सगळ्यांच्या वस्तू ओळखतो, गरजू, नम्र. सगळी एकाच माणसाला लागू. टाळ्या पडल्या. पोलिसांत तक्रारही द्याच, असं मीच ठणकावून सांगितलं.
वॉचमनला बोलावलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, झारीचं काकांना विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तपास चालू असल्याने आत्ता काही बोलता येणार नाही. तो परत दारावर जाऊन बसला. सहा वर्षं रोज सकाळी मला नमस्कार करायचा, पण तपासात भावनेला थारा नसतो.
रात्री जेवण गेलं नाही. बहुधा पित्त.

१ मार्च
वॉचमनला काढलं. जाताना खुर्चीवरची उशी घेऊन गेला, ती त्याची स्वतःचीच होती म्हणे. गुन्हे एकदम थांबले. म्हणजे निदान अचूक होतं. (मीही आठवडाभर काही ताब्यात घेतलेलं नाही, पण तो योगायोग.)
निश्चय: उद्यापासून वीसऐवजी चाळीस पानं.

२ मार्च
नवा वॉचमन नमस्कार करत नाही. चाळीस पानं उद्या.

८ मार्च
मुलगी चार दिवसांसाठी आली. तिच्या खोलीत तिचंच कपाट बंद, म्हणून तिने आईच्या केसातल्या पिनने कुलूप उघडलं. हे कौशल्य कुठून आलं त्याची चौकशी नंतर करीन. नऊ पिशव्या बाहेर काढून जमिनीवर मांडल्या. म्हणाली, बाबा, हे काय? म्हटलं, मुद्देमाल. म्हणाली, आणि मग त्या वॉचमनकाकांना कशासाठी काढलं? त्यांना शाळेत जाणाऱ्या दोन मुली आहेत. मी तिला चोर आणि तपास अधिकारी यांतला फरक समजावला. ती म्हणाली, दोघेही न विचारता उचलतात, पण चोर निदान सही करत नाही. मग आईच्या खोलीत जाऊन रडली. उद्या सेक्रेटरींशी बोलायचं मी कबूल केलं.

९ मार्च
सेक्रेटरी घरी नव्हते. म्हणजे असतील, बेल वाजवली नाही.

१० मार्च
वॉचमनच्या घरी जाऊन स्वतः माफी मागायचा विचार आहे. पत्ता माहीत नाही. (दुपारी आठवलं, पत्ता माझ्याच अहवालात आहे, पान ४.) पण माफी लेखी असलेली बरी. मसुदा करायला घेतला. चांगलं पेन नसल्याने अडलं.

११ मार्च, सकाळी १०
सेक्रेटरींच्या तक्रारीवरून पोलीस चौकीतून हवालदार आला. शेवटी खात्याचा माणूस! मी त्याला कपाट उघडून दाखवलं. त्याने प्रत्येक चिठ्ठी वाचली. विचारलं, वस्तू कोणी उचलल्या? म्हटलं, मी. तारीख-वेळ कोणाची? माझी. सही? माझीच. तो म्हणाला, चोवीस वर्षांच्या नोकरीत असा तयार पुरावा कोणी हातात दिला नव्हता. मला वाटलं, कौतुक करतोय. सेक्रेटरी दारात उभे होते. त्यांनी आपली झारी ओळखली.

११ मार्च, संध्याकाळी ६
चौकीच्या बाकावर पाच तास बसलो. एका अर्थी अभ्याससहलच, अभ्यासक्रमात सुधारणेचा भाग आहेच. शेजारी एक सराईत पाकीटमार होता. त्याने विचारलं, तुम्ही काय उचललं? म्हटलं, पायपुसणं. तो जरा लांब सरकून बसला.
विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून बायकोकडून पुस्तक मागवलं. हवालदाराने ते उघडलं. पान आठ आणि नऊच्या मध्ये पेन. कोरलेल्या नावासकट.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हवालदाराने पेन पिशवीत घातलं, वर चिठ्ठी, तारीख, वेळ, सही. म्हणाला, कागद पूर्ण होईपर्यंत हा मुद्देमाल, परत मिळायला वेळ लागेल. बिल्डिंगवाल्यांनी तक्रार मागे घेतली. माफीनामा लिहून दिला. सगळ्यांची नावं त्यात होती, वॉचमनचं नव्हतं, कारण त्याची तक्रारच नव्हती.

१४ मार्च
सेक्रेटरींना म्हटलं, जुन्या वॉचमनला परत घ्या. ते म्हणाले, नव्याशी वर्षाचा करार झालाय, अहवाल देताना विचार करायचा होता. पैलवान जिन्यात भेटला. दोन्ही बूट घालून होता.
रजिस्टर बघितलं. आवक नऊ. जावकचा रकाना सबंध कोरा. त्यात लिहिण्यासारखं एकच नाव आहे.

२९ मार्च
उद्या परीक्षा. एकतीस पानं झाली. माफीचा मसुदा तसाच.

३० मार्च, संध्याकाळी ७
परीक्षाकेंद्राच्या फाटकावर उमेदवारांच्या पिशव्या तपासणारा माणूस म्हणजे आमचा वॉचमन. खुर्ची नाही, दिवसभर उभा. घरापासून दोन बस पडतात म्हणाला. मी काहीतरी बोलणार होतो, मागे रांग होती. त्याने माझी पिशवी तपासली आणि विचारलं, काका, पेन कुठंय? पेन आणलंच नव्हतं. त्याने स्वतःच्या खिशातलं काढून दिलं. म्हणाला, हजेरी लिहायला एवढं एकच आहे, जाताना आठवणीने द्या.
पहिला प्रश्न: निरपराध माणसावर संशय कसा येतो, ते उदाहरणासह लिहा. उदाहरण माहीत होतं. तीन तासांत चार ओळी झाल्या.

३० मार्च, संध्याकाळी ७.३०
घरी येऊन शर्ट काढला. खिशात त्याचं पेन. येताना मागच्या दाराने निघालो होतो, म्हणजे फाटकावर त्याची गाठ पडू नये म्हणून.
बायकोने बघितलं आणि नळाखाली बादली ठेवायला गेली. चिठ्ठी लावली नाही. ही नोंद त्याच पेनने केली आहे.