रंगुबाई जिवंत आहे

बोरमाळ, ता. श्रीगोंदा
रविवार, दि. ६ मे १९७३

चि. श्रीमंत यास,

थोरल्या मामेभावाने आधी आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिला असं समज आणि पुढे वाच. इकडची खुशाली म्हणशील तर दोन्ही बैल चाराछावणीत आहेत, गावची विहीर आटली आहे. लेकीच्या, कलाच्या सोयरिकीचं खाली लिहितो. तुझा निरोप घेऊन बन्सी परवा आला होता. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्याच्याजवळ उत्तर दिलं असतं तर तुझ्यापर्यंत येईतो त्याने ते गोड केलं असतं, तुझी माणसं त्यासाठीच असतात.

ग्रामपंचायतीत पेपर येतो तो चार दिवस शिळा. त्यात तुझं विधानसभेतलं उत्तर वाचलं. विरोधी आमदाराने विचारलं होतं की बोरमाळच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर तीन दिवस पाण्याचा टँकर आला नाही आणि रंगुबाई नावाची बाई उन्हाने मेली, हे खरं आहे काय. उपमंत्री श्रीमंतराव उठले आणि म्हणाले, टँकर रोज जातो, आणि रंगुबाई पुणतांब्याला मुलाकडे धडधाकट आहे, माननीय सदस्यांनी हवं तर जाऊन तिच्या हातचा चहा घ्यावा. पुढे कंसात छापलंय, हशा.

रंगुबाई जिवंत आहे, हे अगदी खरं. आपल्या घरी वीस वर्षं राबलेली बाई, दिवाळीपासून मुलाकडे राहते. पेपरातलं कानावर गेलं तशी ती धावत आली. उंबऱ्यावर बसून रडायला लागली. "मालक, जीपमधनं सायेब आलं, म्हनले रंगुबाई तूच का. म्या व्हय म्हनले. मला काय ठावं ते कशापायी इचारत्यात?" तिची काय चूक? मेली ती तुझी चांगुणावहिनी, आणि ते तुला ठाऊक होतं.

तुझी आठवण कच्ची असेल तर सांगतो. तू दहाव्याला आला होतास. भीमेच्या पात्रात डबक्याशी पिंड ठेवला, तासभर कावळा शिवेना. कलाचं लग्न लावीन म्हणालो, तरी नाही. मग तू पुढे झालास आणि हात जोडून मोठ्याने म्हणालास, "वहिनी, कामावर पानी रोज यील, माजा शब्द हाय." कावळा शिवला. साऱ्या गावाने पाहिलं. महिन्याभराने त्याच तोंडाने तू सभागृहात पाणी रोज जातं म्हणून सांगितलंस.

बन्सी म्हणतो, साहेबांनी खात्याने दिलेला कागद वाचला, त्यांचा काय दोष. खात्याला ठाऊक नव्हतं, श्रीमंत. खात्याने हजेरीपट पाहिला, रंगुबाई शोधली, ती सापडली. तुला ठाऊक होतं. न कळता चुकला असतास तर माफी मागून भागलं असतं. तू जाणूनबुजून खोटं बोललास आणि वर लोकांना हसवलंस. तू राजीनामाच द्यायला हवा. तू गेलास तर तालुक्याचं नुकसान होईल असंही बन्सी म्हणाला. कामावरच्या बायकांना विचार. टँकर मागायला गेल्या की तहसीलवाले म्हणतात, पाणी रोज जातं असं वर उत्तर झालंय, आता काय करणार. गुरुवारी बनुबाई खडीवरच कोसळली. ती वाचली, पण टँकर अजून आलेला नाही.

आता माझं. हे बन्सीला सांगितलं नाही.

टोळीचा मुकादम मी होतो. हजेरीपटावर नावं मी लिहायचो. आपल्या घरातली बाई कधी दुसऱ्याच्या बांधाला खुरपायला गेली नाही, ती खडी फोडते हे कलाच्या होणाऱ्या सासरी कळलं तर? म्हणून मी रंगुबाईचं नाव लिहिलं. चांगुणा म्हणाली होती, "माजंच लिवा की. चोरी थोडीच करतेय मी?" मी ऐकलं नाही. रोज सकाळी मी रंगुबाई म्हणून हाक मारायचो आणि ती पदर ओढून हजर म्हणायची. आमच्या टोळीतल्या अजून तिघी घरंदाज बायका अशाच दुसऱ्यांच्या नावावर होत्या.

ती पडली तेव्हा परगावची माणसं भोवती जमली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणालो, रंगुबाई, ऊठ. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. शेवटची हाकही मी दुसऱ्या बाईच्या नावाने मारली, श्रीमंत. मग तलाठ्याला घरी तापाने गेली म्हणून लिहून दिलं. दहाव्यानंतर तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "दादा, भाईर काई बोलू नका, घराची अब्रू हाय," तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तुझं खोटं माझ्या खोट्यावर उभं आहे. तुझा राग येतो तेवढाच माझाही येतो.

काल सोयऱ्यांकडे जाऊन सगळं सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले, म्हणजे मोडलंच. कलाला कसं सांगावं कळेना. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "आबा, आता तरी आईचं नाव लिवा."

उद्या तहसील कचेरीत लेखी जबाब देतोय. त्यात खोटं नाव लिहिणारा मी आहे, आणि दहाव्याला हजर असलेला तूही आहेस. एक प्रत त्या आमदाराला जाईल. तो सभागृहात उठण्याआधी तू स्वतः उभा राहून खरं सांगितलंस आणि खुर्ची सोडलीस तर निदान ते तुझ्या तोंडून झालं असं होईल. नाहीतर दुसरा कोणी वाचून दाखवेल, आणि त्या वेळी कंसात काय छापतात ते मी बघेन.

ज्या बाईच्या हातचं खाऊन तू पाच वर्षं शाळा शिकलास, तिच्यासाठी एवढं तरी कर. मला यापुढे दादा म्हणू नकोस.

चांगुणाचा नवरा,
रंगनाथ