नोडला अक्कल नाही

१ जुलै
राजीनामा दिला. अठरा वर्षं त्या खासगी कॉलेजात गाढवांना जावास्क्रिप्ट शिकवली, पुरे झालं. नोटिशीचा महिना शिल्लक रजेत काढणार. प्राचार्य कागद वाचून नुसतं 'बरं' म्हणाले. धक्का बसला असणार बिचाऱ्याला.

योजना: क्रिप्टोचं पेमेंट घेणाऱ्या नोडसाठी प्लगइन. नोड म्हणजे पैसे स्वीकारणारा मूळ प्रोग्रॅम, त्याला जोडायचा माझा छोटा प्रोग्रॅम. सिंहस्थात परदेशी भाविक क्रिप्टोने लॉजचं भाडं भरतील, प्लगइन आपोआप पावती पाठवेल. अख्ख्या उज्जैनमध्ये हे मला एकट्याला सुचलं. बाकीचे बसलेत पोहे-जलेबी खात.

उषाची अट: ३१ तारखेपर्यंत एका तरी परक्या माणसाचं पेमेंट दाखवा, नाहीतर राजीनामा परत घ्या. तिच्या एकटीच्या पगारात मुलीचं, ऋताचं शिक्षण निघणार नाही म्हणे. बायको पोस्टात कारकून. झेप तेवढीच.

३ जुलै
कोडची पहिली ओळ लिहिली. कन्सोल लॉग, म्हणजे स्क्रीनवर मजकूर उमटवायची आज्ञा: 'श्री महाकालेश्वर प्रसन्न'. आमच्याकडे किराण्याची यादीसुद्धा वर श्री काढल्याशिवाय लिहीत नाहीत. प्रोग्रॅम सुरू झाला की आधी देवाचं नाव उमटलं पाहिजे.
नोडचं डॉक्युमेंटेशन वाचलं नाही. ते सामान्य बुद्धीच्या लोकांसाठी असतं.

७ जुलै, सकाळी ११
नोडने प्लगइन सुरू होताक्षणी बंद पाडला.
११.१० – पुन्हा.
११.१५ – पुन्हा. नोड लिहिणाऱ्यांचा दर्जा कळला.
११.३० – झोपलो.

१४ जुलै, सोमवार
महाकालची सवारी, पालखी गावभर. रस्ते बंद, नेटवर्क ठप्प. प्लगइन त्यामुळेच चालत नाही. ऋता म्हणाली की बाबा, नोड तुमच्याच कम्प्युटरवर आहे ना, त्याला नेट कशाला लागतं? ही मुलगी टेक्स्टाइल डिझाइन शिकते, भैरवगढला जाऊन कापडावर ठप्पे मारते, कोपरापर्यंत निळी होऊन येते. विचारलं होतं कोणी?
प्राचार्यांचा फोन नाही. मानी माणूस.

१९ जुलै
नोडवाल्यांच्या फोरमवर त्यांच्या चुका चौदा मुद्द्यांत कळवल्या. उत्तर एका ओळीचं: डॉक्युमेंटेशनचं पहिलं पान वाचलंत का? उद्धट लोक. आता तर मुळीच वाचणार नाही.
दोष पकडायला कोडात जागोजागी कन्सोल लॉग घातले. 'इथवर आलो', 'इथवरही आलो'. एकूण एकेचाळीस.

२३ जुलै
ऋताने नाश्ता करता करता ते पहिलं पान वाचलं. म्हणाली, नोड आणि प्लगइन ज्या नळीतून एकमेकांशी बोलतात, कन्सोल लॉगही त्याच नळीतून जातो. नोडला फक्त जेसन कळतं, म्हणजे ठरलेल्या साच्यातला मजकूर. तो विचारतो तू कोण, आणि तुमचा प्लगइन म्हणतो श्री महाकालेश्वर प्रसन्न. मग तो हाकलणारच ना.
माझे तीन आठवडे गेले, तिला तीन मिनिटं लागली. मला माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो, असं सांगितलं. 'हो का,' म्हणून बशी धुवायला गेली.
भयंकर राग आला. अर्थात नोडचा. ज्याला देवाचं नाव चालत नाही तो उज्जैनमध्ये काय टिकणार?

२४ जुलै
श्रींची ओळ काढून टाकली, मनात म्हटली. तरी बंद. एकेचाळीस 'इथवर आलो' राहिले होते. ऋता दारातून बघत होती. दार लावून घेतलं.

२८ जुलै
चालला! चाचणीच्या खोट्या नाण्यांचं पेमेंट आलं, पावती गेली. उषाला हाक मारली. तिने विचारलं, पाठवलं कोणी? मी. घेतलं कोणी? मी. पावती कोणाला? मला. ती भाजी परतायला गेली.

३० जुलै
नानाखेड्याला भय्यासाहेबांच्या लॉजवर प्रात्यक्षिक. ते म्हणाले, सुहासराव, चीज छान आहे, पण आमच्याकडे परदेशी माणूस येतो कुठे? येतात ते गीझर चालू आहे का एवढंच विचारतात. माझ्या प्लगइनसाठी या गावाची लायकीच नाही.

३१ जुलै, सकाळी
कॉलेजवर उपकार करायचं ठरवलं. राजीनामा परत घेतो. एव्हाना डिपार्टमेंट कोसळलं असेल. प्राचार्यांना थोडं ताटकळत ठेवायचं, मग हो म्हणायचं.

संध्याकाळी ७
प्राचार्य भेटलेच नाहीत. ऑफिसातले दुबेजी मान वर न करता म्हणाले की सर, आपका तो एक तारीख को ही मंज़ूर हो गया था, लंच के पहले. दोन तारखेपासून नवीन मॅडम शिकवतात. येताना लॅबमध्ये डोकावलो. मुलं प्रश्न विचारत होती. माझ्या तासाला अठरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मागून आलेल्या दुबेजींनी लॅबची चावी मागितली. दिली. फार वाईट वाटलं.

घरी सांगितलं की प्राचार्यांनी हात धरून आग्रह केला, पण मीच ठाम नाही म्हटलं. उषाने पाणी दिलं. मी पिईपर्यंत थांबली, मग म्हणाली की आत्ताच दुबेजींचा फोन येऊन गेला, चावी मिळाली म्हणाले, पण रजिस्टरमध्ये सही राहिली आहे, उद्या येऊन करून जा, प्राचार्यही उद्या भेटतील.